कामगारांसाठी कामाच्या शीट बनवून देणारी सर्व्हिस : कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शॉपचा अनुभव

सांगलीत अशी सर्व्हिस मिळते हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. विश्रामबागला एक मॅडम आहेत, आधी एका कारखान्यात क्वालिटीला होत्या, आता स्वतंत्रपणे हेच एक काम करतात. आपल्या शॉपमध्ये येऊन माणसाला काम करताना जे जे बघायला लागतं, सेटअप शीट, तक्ते, चेकलिस्ट, गेजवरच्या (माप तपासायच्या साधनावरच्या) खुणा, कप्प्यांची लेबलं, ते सगळं डिझाइन करून, छापून, जागेवर लावून देतात. नाव नि नंबर नेटवर टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, पण कुपवाडच्या मशीन शॉपवाल्यांत दोघातिघांना विचारलंत तर पत्ता लागेल.

आमचं शॉप मध्यम आहे, सीएनसी लेथ आणि व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापायची मशीन) मिळून तीन शिफ्टला चालतं, पंपाचे आणि गाड्यांचे पार्ट करतो, मी प्रोडक्शन बघतो. निम्मी पोरं तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडची आयटीआय झालेली, निम्मी बिहार आणि ओडिशाची. आधीच सांगून टाकतो, मला ही सर्व्हिस फार आवडली, पैसे वसूल आहेत, पण काही गोष्टी जमलेल्या नाहीत त्यापण खाली लिहिल्यात.

आधी आमच्याकडे काय होतं ते सांगतो, कारण बहुतेक शॉपमध्ये तेच असतं. आयएसओची (क्वालिटीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची) जाडजूड फाइल ऑफिसच्या कपाटात, त्यात प्रत्येक ऑपरेशनची वर्क इन्स्ट्रक्शन इंग्लिशमध्ये, कन्सल्टंटने करून दिलेली, ऑडिटच्या आदल्या दिवशी बाहेर निघणार आणि ऑडिट झालं की परत आत. भिंतीवर फ्लेक्स, ‘क्वालिटी आपली जबाबदारी’ वगैरे. आणि मशीनवर ऑपरेटरने स्वतः मार्करने पत्र्यावर लिहिलेले आकडे. मॅडमनी पहिल्या दिवशी फाइल उघडलीसुद्धा नाही, ते मार्करचे आकडे मात्र सगळ्या मशीनवर फिरून मोबाइलमध्ये फोटो काढून घेतले, म्हणाल्या माणसाला जे खरंच लागतं ते त्याने आधीच लिहून ठेवलेलं असतं, आपण ते नीट करून द्यायचं. तिथेच मला वाटलं की बाईला काम कळतं.

आणि आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीतच लिहिलंय की माहितीचा कागद जिथे लागतो तिथे आणि जेव्हा लागतो तेव्हा वापरता येईल असा उपलब्ध पाहिजे. म्हणजे कपाटातली फाइल त्या अर्थाने कामाचीच नाही. हे आम्हाला इतक्या वर्षांत एकाही ऑडिटरने असं समजावून सांगितलं नव्हतं.

आता त्यांची कामाची पद्धत, कारण खरा माल तिथंच आहे. त्या ऑफिसात बसून माहिती घेत नाहीत. मशीनजवळ उभ्या राहतात, वही घेऊन, आणि तिन्ही शिफ्टला येतात, रात्रपाळीलासुद्धा आल्या, घरचे कोणीतरी सोडायला यायचे. ऑपरेटरला ‘तू काय चुकतोस’ असं कधी विचारलं नाही, विचारायच्या ‘तू थांबतोस कुठं, कुणाला हाक मारतोस, कशासाठी हाक मारतोस’. पोरं सुरवातीला लाजत होती, साहेबांनी पाठवलेली बाई म्हणून गप्प, पण आमचे जुने सेटर (मशीनला नवीन जॉब लावून देणारे) आहेत, सगळे मामा म्हणतात त्यांना, ते बोलायला लागले आणि मग सगळेच बोलायला लागले. मामा म्हणाले, “मॅडम, मला रात्री घरी फोन येतात, ते बंद झाले तरी तुमचं काम झालं म्हणीन मी.” मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं आणि मामांना कुठले कुठले फोन येतात त्याचीच यादी केली, नि कामाचा क्रम त्या यादीवरूनच ठरवला. कुठलं शीट आधी करायचं हे मालकांनी किंवा मी नाही ठरवलं, मामांच्या फोननी ठरवलं.

मालकांना खरंतर ट्रेनिंग पाहिजे होतं. सेकंड शिफ्टला एका पार्टचं बोअर (आतलं भोक) सारखं रिजेक्ट होत होतं, मालक म्हणाले सेकंड शिफ्टच्या पोरांना दोन दिवस बसवून शिकवा. मॅडमनी शिकवायला नकार दिला, म्हणाल्या आधी बघते. बघितलं तर काय, बोअर तपासायचा प्लग गेज क्वालिटीच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्लीवाला माणूस पहिली शिफ्ट संपली की घरी जातो. पोरं मग व्हर्नियरने बोअर मोजत होती, आणि ०.०२ मिलिमीटरच्या खालचं न दाखवणाऱ्या व्हर्नियरवर २१ मायक्रॉनचा (०.०२१ मिलिमीटरचा) टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, कसा दिसणार, कितीही हुशार पोरगं असूदे. उपाय काय तर गेजची जागा बदलली. मशीनच्या बाजूला फोम कापून गेजच्या आकाराचा खळगा केला, गेज तिथं नसला की खालचा लाल रंग लांबून दिसतो. ट्रेनिंग नाही, शीट नाही, काहीच नाही, आणि त्या पार्टचं रिजेक्शन खाली आलं ते आलंच.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून इथं जरा थांबतो. थॉमस गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन माणसाने १९७८ साली हा विचार नीट मांडून ठेवलाय, की काम चुकत असेल तर आधी माणसाच्या बाहेरच्या गोष्टी बघा, त्याला माहिती मिळते का, साधनं मिळतात का, चांगलं केल्याचा काही फायदा त्याला आहे का, आणि मग माणसाच्या आत बघा, त्याला येतं का, झेपतं का, करावंसं वाटतं का. आपल्याकडे उलटं चालतं. काही बिघडलं की पोराला येत नाही, पोरगं लक्ष देत नाही, द्या ट्रेनिंग किंवा घाला शिव्या. बाहेरच्या गोष्टी दुरुस्त करायला स्वस्त असतात तरी तिकडं कुणी बघत नाही. मॅडमचा अर्धा वेळ आमच्याकडे ह्याच बाहेरच्या गोष्टी शोधण्यात गेला आणि त्यांनी त्याचं वेगळं बिल लावलं नाही.

आता शीटबद्दल. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं व्यास २५ एच ७, म्हणजे माप २५ मिलिमीटर आणि किती फरक चालेल त्याचा कोड एच ७. ऑपरेटरने काय करायचं, तक्ता काढायचा, त्यात १८ ते ३० मिलिमीटरची ओळ बघायची, एच ७ चा कॉलम बघायचा, मग कळणार की २५.००० ते २५.०२१. मॅडमच्या शीटवर एच ७ आहे पण कोपऱ्यात बारीक, मोठ्या अक्षरात थेट दोन आकडे, २५.००० आणि २५.०२१, आणि मधे एक पट्टी काढलीय, २५.००५ ते २५.०१६ हिरवी, दोन्ही बाजूंना पिवळी, त्याच्या बाहेर लाल. हिरव्यात असलास तर चालू ठेव, पिवळ्यात गेलास तर लगेच दुसरा पीस मोज, तोही त्याच बाजूच्या पिवळ्यात आला तर ऑफसेट (मशीनमध्ये टूलच्या मापाची दुरुस्ती) दे, लालमध्ये गेला तर थांब आणि हाक मार. किती ऑफसेट द्यायचा आणि प्लसमध्ये का मायनसमध्ये तेपण त्याच मशीनच्या हिशोबाने लिहिलंय. ह्यात नवीन काही नाही, प्री-कंट्रोल म्हणतात त्याला, पण आपल्याकडे हे क्वालिटीच्या पुस्तकात राहतं, ऑपरेटरच्या डोळ्यासमोर येत नाही.

इन्सर्टचं, म्हणजे टूलला लावायच्या कापणाऱ्या तुकड्याचं, पण तसंच. सीएनएमजी १२०४०४ आणि सीएनएमजी १२०४०८, डबी सारखी, रंग सारखा, दिसायला सारखं, फरक शेवटच्या दोन आकड्यांत, ०४ म्हणजे नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.४ मिलिमीटर आणि ०८ म्हणजे ०.८. चुकून ०८ लागला की शोल्डरच्या (पार्टवरच्या पायरीच्या) कोपऱ्यात रेडियस जास्त येतो आणि असेंब्लीला बेअरिंग बसत नाही, आणि हे कळतं कधी तर माल कस्टमरकडे गेल्यावर. तर मॅडमनी इन्सर्टचा ड्रॉवर उघडून ०.४ चे कप्पे निळे केले, ०.८ चे पिवळे, आणि सेटअप शीटवर त्या टूलच्या ओळीला तोच रंग. रात्री तीन वाजता झोपेतल्या डोळ्यांना आकडा वाचायला लागू नये, रंगाला रंग जुळला की झालं. रंगांधळा कोणी असेल म्हणून कप्प्यावर मोठा ठिपका पण दिलाय, निळ्याला एक, पिवळ्याला दोन. एवढा विचार.

कूलंटचा (कापताना टूल थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याचा) तक्ता तर एवढासा आहे, पण रोज वापरात आहे. आधी कूलंट टाकणं म्हणजे अंदाज, हात घालून बघायचं, पांढरं दिसलं की बास. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातलं तेलाचं प्रमाण मोजायचं साधन) होता पण रीडिंगला तेलाच्या कंपनीने दिलेल्या फॅक्टरने गुणायचं असतं हे कोण करणार. आता तक्त्यावर गुणाकार करूनच दिलाय, रीडिंग एवढं तर २०० लिटरच्या टाकीत तेल एवढे लिटर, एक टक्का वाढवायला दोन लिटर असा साधा हिशोब, आणि खाली ठळक, आधी पाणी मग त्यात तेल, उलटं नाही. तक्ता टाकीच्या झाकणावर चिकटवलाय, ऑफिसात नाही, मीठ जसं शेगडीजवळ असतं तसं. झाकण उघडायला हात गेला की तक्ता समोर.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते लाइट गेल्यावरचं शीट. उन्हाळ्यात आणि वळवाच्या पावसात लाइट जाणं आपल्याला नवीन नाही, पण टूल मटेरियलमध्ये असताना लाइट गेली की परत आल्यावर घाईघाईत सायकल स्टार्ट दाबून टूल मोडायचं, कधी स्पिंडलला पण मार बसायचा. आता प्रत्येक व्हीएमसीच्या कंट्रोलजवळ एक कार्ड लटकतंय, वर मोठं लिहिलंय ‘लाइट आल्यावर’. टॅप (आटे पाडायचं टूल) आत अडकला असेल तर हात लावू नका, सेटरला बोलवा. नसेल तर हँडव्हीलने झेड (टूलची वरखाली हालचाल) हळू वर घ्या. टूलची धार बघा. स्पिंडलमधला टूल आणि स्क्रीनवरचा नंबर एकच आहे ना बघा. टूल चेंजचा हात अर्ध्यात थांबला असेल तर सेटर. मशीनने मागितलं तर होम (मशीनची मूळ जागा) घ्या. प्रोग्रॅम मधूनच सुरू करायचा नाही, त्या टूलच्या पहिल्या ओळीपासून. अर्धवट पीसला लाल टॅग, वेगळ्या ट्रेमध्ये. बस एवढंच कार्ड. ‘सेटर’ ह्या शब्दाशेजारी त्या शिफ्टला कोणाला बोलवायचं ते नाव व्हाइटबोर्ड मार्करने लिहायची जागा आहे. मामांचे रात्रीचे फोन ह्या कार्डाने जेवढे कमी झाले तेवढे दुसऱ्या कशाने नाही झाले.

ह्या कार्डावरून शॉपमध्ये थोडा वाद झाला होता तोपण सांगतो. आमचे दोन जुने ऑपरेटर म्हणाले, आम्ही काय शेंबडी पोरं आहोत का, कार्ड बघून काम करायला. मॅडमनी त्यांना विमानाची गोष्ट सांगितली. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत बोइंगचं नवीन बॉम्बर विमान टेस्टला उडालं आणि लगेच पडलं. पायलट कसलेला, अनुभवी. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लॉक असतं, ते काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर पायलटांसाठी चेकलिस्ट आल्या, आणि त्याच विमानाच्या पुढच्या मॉडेलची दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी निर्मिती झाली. मग मिरजेचा विषय निघाला, आपल्याकडे घरटी एखादा तरी मिरजेच्या दवाखान्यात कामाला असतो, आमच्या त्याच ऑपरेटरची बायको ओटीत सिस्टर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची चेकलिस्ट २००८ मध्ये आली, १९ मुद्दे, भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी अशा तीन थांब्यांवर. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलमध्ये ती वापरून बघितली, त्यात आपली दिल्लीपण होती, आणि मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, हे २००९ मध्ये छापून आलंय. दुसऱ्या दिवशी तो ऑपरेटर येऊन म्हणाला, “मॅडम, बायको म्हणली सर्जनपण थांबतात त्या यादीला, तू काय मोठा लागून गेलास.” मग वाद संपला.

चेकलिस्टचे दोन प्रकार असतात हेपण मला ह्यातच कळलं. एक, वाचायचं आणि करायचं, ओळ वाच, हात चालव, पुढची ओळ वाच, लाइट गेल्यावरचं कार्ड तसलं आहे, कारण ते काम रोज होत नाही आणि डोकं तेव्हा घाबरलेलं असतं. दुसरा, आधी सवयीने काम करायचं आणि मग थांबून तपासायचं, काही राहिलं नाही ना. रोजच्या जॉब सेटिंगला मॅडमनी दुसरा प्रकार दिला, फक्त पाच ओळी, जी ५४ ची व्हॅल्यू (जॉब जिथून मोजायचा तो शून्य बिंदू), टूल लेंग्थ, क्लॅम्प, कूलंट नोझल आणि पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबून चालवत). जुन्या माणसांना ओळीओळीने वाचायला लावलं असतं तर त्यांनी ते फाडून टाकलं असतं.

नवीन पोरांना शिकवायला वेगळा कागद आहे, तीन कॉलमचा, काय करायचं, त्यातली मेख काय, आणि का. ह्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत नवीन कामगार पटापट तयार करायला काढलेल्या पद्धतीत आहे, ती युद्धानंतर जपानला गेली. तो ‘का’चा कॉलम भरायला मामांना बसवलं, आणि खरं सांगतो, मामांच्या डोक्यात ३० वर्षांचं जे होतं त्यातलं बरंच पहिल्यांदा कागदावर आलं. कास्टिंगला क्लॅम्प आधी कुठला आवळायचा आणि का, हे मलासुद्धा माहीत नव्हतं असं नाही, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. मामा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. ह्या एका कागदासाठी मी त्या मॅडमचा कायम आभारी आहे.

आता जे जमलं नाही ते. क्यूआर कोडवाले व्हिडिओ. प्रत्येक मशीनवर कोड चिकटवला, स्कॅन केला की दोन मिनिटांचा व्हिडिओ. कोणी बघत नाही. हाताला तेल, मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा आमचाच नियम, आणि शॉपच्या मागच्या भागात रेंज नाही. मशीनजवळ उभं राहून एवढं बघणाऱ्या बाईंनी हे आधीच ओळखायला पाहिजे होतं, आणि त्याचे पैसे लागले. नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये टीव्हीवर दाखवायला ते व्हिडिओ आम्ही वापरतो, तेवढाच उपयोग.

हिंदी शीट उशिरा आली. मराठी आधी झाली आणि हिंदीला बराच वेळ गेला, तोपर्यंत बिहारच्या पोरांना शेजारच्याला विचारून काम करायला लागलं. माझं म्हणणं, दोन्ही एकदम द्यायला पाहिजेत नाहीतर देऊच नयेत, अर्ध्या पोरांना वाटतं हे आपल्यासाठी नाहीच. हिंदी झाली तीपण आधी पुस्तकी होती, मग आमच्या बिहारमधल्या छपरा गावच्या एका पोराला बरोबर बसवून परत केली, तेव्हा बरी झाली.

लॅमिनेशन चकचकीत दिलं होतं, ट्यूबलाइटखाली आकडे दिसेनात, एका बाजूने बघितलं की नुसता पांढरा पट्टा. सांगितल्यावर मॅट करून दिलं, जादा पैसे न घेता, हे चांगलं. पण कूलंटचे शिंतोडे जिथे सारखे उडतात तिथे कडेने पाणी शिरून कागद फुगतोच, तिथे अ‍ॅक्रिलिकचा खिसा करून घ्या, आम्ही शंभर फुटी रोडवरून करून आणला.

आणि एक मोठी गोष्ट, शीट बदलायची कोणी. इन्सर्टचा ग्रेड बदलतो, कस्टमर ड्रॉइंगची रिव्हिजन बदलतो, आणि भिंतीवर जुनं शीट राहिलं तर ते नसल्यापेक्षा वाईट. मॅडमनी एक्सेलच्या फाइल दिल्यात, आकडा बदलून आपण प्रिंट काढू शकतो, प्रत्येक शीटवर रिव्हिजन नंबर आणि तारीख आहे, कुठली शीट कुठे लावलीय त्याची यादी आहे. पण ती यादी सांभाळणारा माणूस आपल्याकडेच पाहिजे, ते त्या करत नाहीत. आम्ही एका डिप्लोमावाल्या मुलीला ते काम दिलंय, आणि शीटवर ऑपरेटरला पेनने दुरुस्ती लिहायला मुद्दाम रिकामी जागा ठेवलीय, आठवड्यातून एकदा ती फिरून त्या दुरुस्त्या गोळा करते. हा पेनचा भाग मॅडमचाच आग्रह होता आणि तो एकदम बरोबर निघाला, पहिल्या महिन्यातल्या शीट आणि आत्ताच्या शीट शेजारी ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत.

पैसे म्हणाल तर सगळं मिळून आमच्या दोन चांगल्या ऑपरेटरच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास गेले, छपाई धरून. त्यात सुरवातीचं बघणं, सगळी शीट, लावून देणं आणि नंतर एकदा येऊन तपासणं. अ‍ॅडव्हान्स निम्मा घेतात. जीएसटीचं बिल देतात.

बोलवणार असाल तर काही गोष्टी आधी ठरवून ठेवा. तुमचा जो जुना जाणता माणूस आहे, सेटर असो, फोरमन असो, त्याला त्या दिवसांत प्रोडक्शनच्या टार्गेटमधून मोकळं करा, नाहीतर मॅडम उभ्या राहतील आणि तो मशीनमध्ये डोकं घालून बसेल. रात्रपाळी बघायला आवर्जून सांगा. हिंदी बरोबरच मागा. व्हिडिओ घेऊ नका. आणि मालकांना आधीच सांगून ठेवा की त्या ट्रेनिंगऐवजी गेजच्या कपाटाची किल्ली मागतील.

फाउंड्री आणि हीट ट्रीटमेंटची कामं त्या घेत नाहीत, त्यातलं मला कळत नाही असं सरळ सांगतात. हळद आणि बेदाण्याच्या प्रोसेसिंग युनिटसाठी मार्केट यार्डात एकदोन ठिकाणी केलंय म्हणे, ते मी बघितलेलं नाही. एका वेळी एकच शॉप घेतात त्यामुळे थांबायला लागतं, आम्हाला नंबर यायला पावसाळा संपला होता.